कमरेएवढं पाणी

रत्नमाला खोब्रागडे दोन वर्षांपासून रागात आहे, आणि तो राग उतरावा असं मला वाटत नाही. तिची हकिकत लिहायची ती मीच, कारण या प्रकरणात एक खोटी ओळ मीही छापली होती. माझं नाव केशवराव. मी तुमसरला राहतो आणि एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या देतो.

रत्नमाला चिखल्याची. वडील डोमा मँगनीजच्या भुयारी खाणीत कामाला, आई धुरपता घर सांभाळून धानाच्या रोवणीला जायची. त्यांच्या वस्तीमागे रानात एक जुनी उघडी खाण होती, कधीची सोडून दिलेली, पाण्यानं भरलेली. तलावाला उतार असतो, माणूस हळूहळू आत जातो. इथे तसं काही नव्हतं. कडा सरळ तुटलेली, खाली पाणी, आणि ते किती खोल हे कुणालाच ठाऊक नाही. बाहेर यायला एका बाजूला गंजलेली शिडी. भाऊ धम्मदीप पोहायला जायचा, त्याच्यामागे ही आठ वर्षांची पोर. पाय टेकायला जागाच नाही, म्हणून तासन्‌तास पाय हलवत उभ्यानं तरंगायची तिला सवय लागली. आईनं दोनदा काठीनं झोडपलं. तिसऱ्या वेळी डोमानं काठी काढून घेतली आणि म्हणाला की बुडायची असती तर एव्हाना बुडाली असती.

नववीत असताना शाळेनं तिला नागपूरला पोहण्याच्या स्पर्धेला नेलं. तिथे ती शेवटून दुसरी आली. तिच्या हातांना वळण नव्हतं. पण शर्यत संपल्यावर खोल बाजूला ती दोन्ही हात पाण्याबाहेर काढून निवांत वेणी घालत होती, आणि ते ईश्वर शेंडे नावाच्या प्रशिक्षकानं पाहिलं. शेंडे मुलींचा वॉटर पोलोचा संघ जमवत होते. त्यांनी तिला विचारलं की असं किती वेळ राहू शकतेस. तिला प्रश्नच कळला नाही. जेवायला बोलावेपर्यंत, असं ती म्हणाली.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाण्यातला हँडबॉल समजा. एका बाजूला सात जणी, दोन गोल, एक चेंडू. तळाला पाय टेकायचा नाही, भिंत धरायची नाही. म्हणून पाणी सहा-साडेसहा फूट तरी खोल लागतं. पाय रवीसारखे घुसळत राहायचे आणि कमरेपासून वर उसळून चेंडू मारायचा. समोरच्या संघाची सगळ्यात दांडगी बाई गोलसमोर ठाण मांडते. तिला अडवणं हे रत्नमालाचं काम. पंचांना दिसतं ते पाण्यावरचं. खाली लाथा, चिमटे, कपडे ओढणं चालू असतं. खेळाडू एकावर एक दोन पोशाख घालतात, आणि सामन्याआधी पंच प्रत्येकीची नखं तपासतात. रत्नमाला या कामात पक्की तयार झाली. राग तिच्याकडे होताच. शेंडे सरांनी तिला तो दाबून ठेवायला आणि वेळेवर काढायला शिकवलं.

ती राज्याकडून खेळली, खेळाडू म्हणून नागपुरात सरकारी नोकरी लागली, बाविसाव्या वर्षी देशाच्या संघात आली. आशियाई स्पर्धेला मुली निघाल्या तेव्हा खेळायच्या टोप्या विमानतळावर वाटल्या. सराव ज्या तलावात झाला त्याचा अर्धा भाग उथळ होता, म्हणून अर्ध्या मैदानावरच खेळून त्या परदेशी गेल्या. सगळे सामने हरल्या. एका संघानं चोवीस गोल मारले, यांनी दोन. परतल्यावर संघटनेचे एक पदाधिकारी म्हणाले की मुलींना अनुभव मिळाला. हे सांगताना रत्नमालाचा आवाज अजून चढतो. तिला हरण्याचं दुःख नव्हतं. अर्ध्या तलावात शिकवून पूर्ण तलावात मरायला पाठवलं, आणि वर अनुभव म्हणतात, याचा तिला संताप होता.

पण त्या चोवीस-दोनच्या सामन्यात समोरच्या दांडग्या बाईला स्वतःला एकही गोल करता आला नव्हता. रत्नमालानं करू दिला नव्हता. ते एका ग्रीक प्रशिक्षकानं लक्षात ठेवलं. काही वर्षांनी तो ग्रीसमधल्या एका बंदराच्या गावी दुसऱ्या श्रेणीच्या क्लबात गेला आणि त्यानं तिला बोलावून घेतलं. बिनपगारी रजा टाकून ती गेली. तिथे ती पगारी खेळाडू झाली. सकाळी व्यायाम, संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. पहिल्या वर्षी भाषा येत नव्हती, थंडी सोसत नव्हती. पण खांदा दुखतो का हे ती सांगण्याआधी कुणीतरी विचारायचं. तिनं मला फोनवर सांगितलं होतं की केशवभाऊ, इथे पाणी सगळीकडे सारखं खोल आहे. मी हसलो होतो.

उन्हाळ्यात हंगाम संपला की ती चिखल्याला यायची आणि त्याच खाणीत वस्तीतल्या अकरा मुलींना शिकवायची. शिडीजवळ दोर बांधलेला, हवा भरलेल्या ट्यूबा तरंगत ठेवलेल्या, आणि काठावर धम्मदीप पहारा देत उभा. मुली कडेवरून सरळ खाली सूर मारायच्या. सगळ्यात धीट होती चंद्रकांता, शकुनबाईची मुलगी, पंधरा वर्षांची.

याच सुमारास जिल्ह्यातल्या एका गावात जलतरण तलाव बांधायचं ठरलं. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथल्या लोकांचा यात दोष नाही. तलावाला आंतरराष्ट्रीय खेळाडू रत्नमाला खोब्रागडे यांचं नाव द्यायचं ठरलं. तलाव बांधणाऱ्या समितीनं तिला पत्र पाठवून सूचना मागवल्या. तिनं ग्रीसहून चार पानं लिहून पाठवली, स्वतःच्या हातानं, आकृत्या काढून. सगळीकडे पाणी किती खोल हवं, गोल कुठे बांधायचे, खोलीचे आकडे भिंतीवर किती मोठे रंगवायचे. पोच आली, आभार आले. उद्घाटन जानेवारीत ठरलं. समितीनं दिलेल्या कागदावरून मी बातमी केली. त्यात ओळ होती: ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचा तलाव सज्ज’. मी तलाव पाहिला नव्हता. तिकडे जायला मोटारसायकलनं तास लागतो, आणि मी गेलो नाही.

रत्नमाला हंगामाच्या मध्ये आठ दिवसांची सुटी घेऊन आली. उद्घाटनाच्या सकाळी चिखल्याच्या मुली जीपनं पोहोचल्या, सोबत शकुनबाई. रत्नमालाला मात्र आधी समितीच्या अध्यक्षांच्या घरी चहाला नेलं, मग फोटो, मग सरळ मंचावर. तलाव तिनं मंचावरून पाहिला. निळ्या फरशा, वर झेंडूच्या पाकळ्या पसरलेल्या. त्या पाकळ्यांखाली तळ दिसत नव्हता. भिंतीवर एकही आकडा नव्हता.

कार्यक्रमात ठरलं होतं की सत्कार झाल्यावर रत्नमाला शिट्टी वाजवेल आणि मुली पाण्यात उतरतील. पण पाहुण्यांना पुढे जायचं होतं. तिच्या गळ्यात हार पडत असतानाच सूत्रसंचालकानं माईकवरून मुलींना उडी मारायला सांगितलं, टाळ्या सुरू झाल्या. चंद्रकांता रांगेत पहिली होती. तिनं खाणीत मारायची तसा सरळ खाली सूर मारला.

पाणी साडेतीन फूट होतं.

आवाज फारसा आला नाही. रत्नमाला हारासकट मंचावरून धावली, दुसऱ्या मुलींना ओरडून थांबवलं आणि पायांवर पाण्यात उतरली. चंद्रकांता पालथी तरंगत होती. रत्नमालानं तिला हळूच उताणं केलं, मान दोन्ही हातांत धरली आणि कुणालाही तिला उचलू दिलं नाही. मान हलता कामा नये, हे तिला शिकवलेलं होतं. फळी मागितली, मिळाली नाही. रुग्णवाहिका सांगून ठेवलेली नव्हती. ती यायला चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटं रत्नमाला पोरीची मान धरून जागच्या जागी उभी होती, आणि पाणी तिच्या कमरेला लागत होतं. हजार माणसांनी ते पाहिलं, त्यात मीही होतो.

अध्यक्ष काठाशी आले. त्यांनी हात जोडले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “ताई, पोरीनं पाहून उडी मारायला पाहिजे होती.”

रत्नमालानं मान वर केली. ती ओरडली नाही, पण मंचापर्यंत ऐकू गेलं. “पोरीनं पाहावं? मी पाण्यात उभी आहो, साहेब. पाय टेकले आहेत माहे. या खेळात पाय टेकत नाहीत, हे मी चार पानं लिहून पाठवलं होतं. तुमच्यातल्या एकानं तरी वाचलं काय?”

अध्यक्ष म्हणाले की खोल पाणी धोक्याचं, लहान मुलं येतील, म्हणून बदल केला.

“मंग माहं नाव कायले ठेवलं?” ती म्हणाली. “ते काढा. आत्ता काढा.”

कुणी काढलं नाही. पाहुणे केव्हाच निघून गेले होते.

चंद्रकांताला नागपूरला नेलं. मानेचा मणका मोडला होता. जीव वाचला. रुग्णालयाच्या व्हरांड्यात दुसऱ्या दिवशी शकुनबाई रत्नमालासमोर येऊन उभी राहिली. मी तिथेच होतो. शकुनबाई रडत नव्हती.

“तुमाले माहीत नव्हतं ना पाणी किती आहे?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मंग माही पोरगी काठावर काहून उभी केली?”

समितीवरचा राग रत्नमाला बोलून दाखवते, स्वतःवरचा हा राग बोलत नाही. त्या सकाळी चहा नाकारून पाच मिनिटं तलावात उतरली असती, तर बास होतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं आणि मग विषय काढू दिला नाही.

मी उद्घाटनाच्या दुपारीच मंडपवाल्याकडून टेप घेऊन तलाव मोजला होता. एका टोकाला साडेतीन फूट, दुसऱ्या टोकाला चार. कोऱ्या भिंतीचे फोटो काढले. मापांसकट बातमी पाठवली. दैनिकात छापून आलं, ‘उद्घाटनावेळी मुलगी किरकोळ जखमी’. पहिली खोटी ओळ मी लिहिली होती, दुसरी त्यांनी. मी संपादकांशी भांडलो, तीन महिने बातम्या दिल्या नाहीत, आणि नंतर परत देऊ लागलो. पोट आहे.

आठ दिवसांनी तलावाच्या भिंतीवर ताज्या रंगात आकडे उमटले. चौकशी झाली. अहवालात लिहिलं की खेळाडूंनी सूचनांचं पालन केलं नाही. कोणत्या सूचना, ते लिहिलं नाही. ग्रीसच्या क्लबानं परत ये म्हणून दोनदा निरोप पाठवला. रत्नमाला दीड महिना रुग्णालयात आणि समितीविरुद्ध तक्रार नोंदवायला पोलीस ठाण्यात फेऱ्या मारत होती. तिसऱ्या निरोपात करार संपल्याचं कळवलं होतं. तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या, खांदा दुखरा असलेल्या बचावाच्या खेळाडूला पुन्हा कुणी बोलावत नाही. तिची कारकीर्द अशी संपली. निरोपाचा सामना नाही, काही नाही. त्या क्लबाच्या कपाटात तिची टोपी अजून असेल.

ती नोकरीवर परत रुजू झाल्यावर एकदा समितीचा माणूस नागपूरला तिच्या कार्यालयात आला. तक्रार मागे घेतली तर त्या तलावावर मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमू म्हणाला. तिनं त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं की साडेतीन फुटांत मी काय शिकवू, कपडे धुणं? तो गेला. पंधरा दिवसांत कार्यालयाची नोटीस आली की रजा संपूनही गैरहजर का होतात. त्या नोटिशीला ती अजून उत्तरं देते आहे.

खाणीला आता तारेचं कुंपण आहे. उरलेल्या दहा मुलींपैकी सहा जणी टिकल्या. त्या दर रविवारी तुमसर रोड स्टेशनहून गाडीनं नागपूरला जातात, शेंडे सरांनी तिथे खोल पाण्याची दोन तासांची वेळ मिळवून दिली आहे. पाण्यात उतरायच्या आधी रत्नमाला स्वतः तळापर्यंत जाऊन येते, दर रविवारी, तलाव तोच असला तरी. मुली तिला घाबरतात. कुणी भिंतीला हात लावला तर ती असं काही बोलते की मी इथे लिहू शकत नाही. मागच्या महिन्यात शेंडे सरांच्या मुलींसोबत मिळून त्या एका सामन्यात चौदा-तीन अशा हरल्या आणि परतीच्या गाडीत तिनं कामठी स्टेशन यायच्या आत सगळ्यांना रडवलं. त्यातल्या दोघी राज्याच्या निवड चाचणीला गेल्या आहेत.

खटला उभा राहिला आहे. मी साक्षीदार आहे, माझे फोटो त्यात लागलेले आहेत. तारीख पडते, आम्ही जातो, पुढची तारीख घेऊन येतो. चंद्रकांता आता बारावीला आहे. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, लिहिताना बोटांना मुंग्या येतात. पाण्याकडे ती जात नाही.

शकुनबाई रत्नमालाशी त्या व्हरांड्यानंतर एक शब्द बोललेली नाही. पण एकही तारीख तिनं चुकवलेली नाही. मजुरी बुडवून येते. कोर्टाच्या बाकावर दुसरीकडे जागा असली तरी रत्नमालाच्या शेजारीच बसते, डबा उघडते, अर्धी भाकर तिच्यापुढे सरकवते आणि समोर बसलेल्या समितीच्या वकिलाकडे पाहत राहते.