बसून उतरलेला घाट

मुखरूनं बावीस वर्षं बैलगाडी हाकली. जाताना बाजाराचं मीठ, येताना सागाची लाकडं; धानोऱ्यापुढचा घाट ओलांडायचा आणि आठवडाभरानं नागभीडच्या स्टेशनावर गाडी रिकामी करायची, असा त्याचा धंदा. एवढ्या वर्षांचा गाडीवान म्हणजे बसून खाणारा, असं कुणाला वाटेल. पण घाटात गाडीवानाला बसता येत नाही. चढावर चाकाला खांदा द्यायचा, उतारावर गाडीमागं ओंडका बांधायचा आणि बैलांच्या तोंडापुढं पायी चालायचं. मुखरूनं शेकडो वेळा घाट पार केला, तो सगळा पायी.

घाटाच्या पायथ्याशी इसरू नावाच्या माडिया आदिवासीचं घर होतं. मुखरूच्या बैलांची घुंगरमाळ वरच्या वळणावर वाजली की इसरू विहिरीवर जायचा, आणि गाडी खाली पोचेपर्यंत बैलांसाठी पाण्याच्या दोन बादल्या तयार ठेवायचा. दोघांचं बोलणं थोडं, पण ओळख पक्की.

मग पंचावन्न साली लाकडाच्या ठेकेदारानं लॉरी आणली. त्याच वर्षी मोऱ्या बैल म्हातारपणानं गेला आणि जोडीचा लाख्या दारातच रवंथ करत बसला. ठेकेदार मनानं वाईट नव्हता. आपल्या मुनशीची जुनी सायकल त्यानं मुखरूच्या हवाली केली आणि कामावरून निरोप दिला. वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी मुखरू सायकल शिकायला लागला.

शिकणं कसलं, गावाला फुकटचा तमाशाच होता. हात हँडलवर होते, पण डोकं अजून कासऱ्यावरच. समोर खड्डा आला की मुखरू ब्रेक विसरून बैल थांबवावेत तसं 'हो… हो…' करायचा. सायकल काही ऐकायची नाही आणि मुखरू थेट धानाच्या बांधीत जाऊन पडायचा. रंभा, त्याची बायको, शेताच्या धुऱ्यावरून म्हणायची, "काऊन जी, तिले कान हाय का?" तरी त्यानं हँडलला मोऱ्याची घुंगरमाळ बांधली. पोळ्याला सायकलीला गेरू लावला, पुरणपोळीचा घास हँडलपुढं धरला आणि शेवटी तो लाख्याला भरवला. लोक पोट धरून हसले. मुखरूला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्या मनात एकच होतं, आणि ते त्यानं फक्त रंभाला सांगितलं होतं.

"एक डाव घाट बसून उतराचा हाय मले. मंग मेलो तरी चालते."

सत्तावन्नच्या जानेवारीत तशी वेळ आली. नागभीडचे कवायतीचे मास्तर गुणवंतराव यांनी स्वतःला धरून आठ सायकलवाले गोळा केले. घाटापलीकडच्या गावात नवी शाळा निघाली होती, आणि तिथल्या गुरुजींनी दुपारच्या जेवणाला बोलावलं होतं. जाऊन येऊन आठ दिवसांचा दौरा. मुखरू भाताचा गंज, तांदूळ आणि कुऱ्हाड बांधून दारात उभा राहिला. स्वयंपाक त्याला येत होता आणि वाट त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. गुणवंतरावांनी त्याला घेतलं, पण अट घातली.

"मुखरूभाऊ, घाटाचा उतार तुमी पायी उतराचा. बांधीत पडले त ठीक, दरीत पडले त मी रंभाबाईले काय सांगू?"

मुखरूनं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मास्तरांनी नीट पाहिलं नाही.

तीन दिवस सायकली चालल्या. वैनगंगेवर डोंग्यातून सायकली पार केल्या. गडचिरोलीच्या पुढं जंगल दाट झालं, रस्ता लाल मुरमाचा झाला, आणि शहरी ऐट असलेले सगळे मुकाट्यानं मुखरूच्या घुंगरांमागं येऊ लागले. कुठल्या नाल्याचं पाणी गोड आणि कुठं रेतीत चाक रुततं, हे तो न थांबता सांगायचा. चौथ्या दिवशी धानोऱ्याहून पहाटेच निघून, सायकली ढकलत, ते घाटमाथ्यावर पोचले.

माथ्यावर दगडांची एक रास होती. येणारा-जाणारा त्यावर घाटाच्या देवाच्या नावानं एक दगड ठेवायचा. मुखरूनं ठेवला. सायकलवाल्यांतल्या नानाजी कंपाउंडरला मात्र दम नव्हता. त्यानं सायकल उतारावर सोडली, दोन्ही ब्रेक दाबले, आणि रबराचा जळका वास मागं ठेवून पहिल्याच वळणावर झुडपात घुसला. हाड वाचलं, गुडघा सोलला. गुणवंतरावांनी सगळ्यांच्या सायकली तपासल्या. इतक्या दिवसांच्या वाटेनं सगळ्यांचीच ब्रेकची रबरं झिजली होती.

"सगळ्यांनी पायी उतराचं," ते म्हणाले. "जेवण गेलं त जाऊ द्या."

मुखरूनं खाली पाहिलं. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो उतार पायाखाली होता, आणि आज तर नऊच्या नऊ जण पायी. आजवर तो मास्तरांच्या शब्दाविरुद्ध बोलला नव्हता. आता बोलला.

"मास्तर, भरली गाडी या घाटातून उतरते. तिले कोणते रबर हाय? मागून लाकूड घसटत येते, तोच तिचा ब्रेक. मी आधी उतरतो. पडलो त तुमी पायी या."

त्यानं कुऱ्हाड काढली आणि जुन्या सवयीनं मांडीएवढा ओंडका तोडून सायकलीला बांधला. बसून जोर लावला. सायकल जागची हलली नाही. कुणीतरी फिसकन हसलं.

"बैल दोन होते ना," मुखरू स्वतःशीच म्हणाला. मग त्यानं धावड्याची मनगटाएवढी, पानांनी भरलेली फांदी तोडली आणि लाख्याच्या जुन्या दाव्यानं सीटखाली आवळली. फांदीची खरखर मागं येते का, ते चार पावलं चालवून पाहिलं.

गुणवंतराव आडवे उभे होते. सोललेल्या गुडघ्यावर फडकं धरून बसलेला नानाजी म्हणाला, "उतरू द्या मास्तर. माह्यापेक्षा वाईट काय उतरतीन ते?" मास्तर बाजूला झाले.

मुखरू सीटवर बसला आणि पाय उचलले. उतारानं सायकल ओढली, फांदीनं मागं धरली. वळण समोर आलं आणि तोंडातून सवयीनं निघालं, "हो… हो…" त्याच वेळी फांदी खडीत रुतली आणि सायकल हळू झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याचं ऐकलं. मुखरूला एवढा आनंद झाला की तो वळणावरच मोठ्यानं हसायला लागला.

वरून सगळ्यांनी ते पाहिलं. मग कुऱ्हाड हातोहात फिरली, माहूलवेलीचे दोर निघाले, आणि थोड्याच वेळात आठ सायकली फांद्या घसटत त्याच्यामागं निघाल्या. लाल धूळ झाडांच्या वर गेली. कवायतीचे मास्तर गुणवंतराव वळणावळणाला 'हो… हो…' ओरडत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

मुखरूनं मागं पाहिलं नाही. ज्या दगडाशी त्याचा अंगठा दर वेळी ठेचायचा तो दगड बाजूनं गेला. जिथं मोऱ्या अडायचा ते वळण गेलं. सगळं तो बसून पाहत होता. त्याचे डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

पायथ्याला तो थांबला. इसरू रस्त्याच्या कडेला उभा होता, केस पांढरे झालेले. दोन वर्षांनी घुंगरमाळ ऐकून तो विहिरीवर गेला होता. त्याच्या पायाशी पाण्याच्या भरलेल्या दोन बादल्या होत्या.

त्यानं सायकलीकडं पाहिलं, मागच्या फांदीकडं पाहिलं, मग वरच्या वळणाकडं पाहिलं.

"मुखरू, बैल कुठी?"

मुखरूनं एक बादली उचलली आणि सायकलीच्या दोन्ही चाकांवर ओतली. दुसरीतलं पाणी तो ओंजळीनं पोटभर प्याला.

"बैल नाई गा, इसरू," तो म्हणाला. "आज मी बसून आलो."