पत्र्यावरचे ठिपके

आमच्या मळणी यंत्राच्या आतला पत्रा दर हंगामात झिजून चाळणी व्हायचा. भाताच्या तुसानं लोखंड झिजावं, याचं मला आजही नवल वाटतं. गेल्या वर्षी नवा पत्रा आणला आणि मजबुतीसाठी खाडीवरच्या वेल्डरचाचांकडे नेला. चाचा बरीच वर्षं आखातात काम करून आलेले. त्यांनी खडूनं रेघा आखल्या आणि त्यांवर वेल्डिंगचे नुसते ठिपके दिले, बोटबोट अंतर सोडून.

मी भडकलो. "चाचा, मधली जागा कोण भरणार?"

"भात भरेल ना," ते शांतपणे म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतायत. घरी येऊन मी तणतणत ग्राइंडर काढला आणि ठिपके घासायला बसलो. सपाट पत्र्यावरून भात सरळ सरकेल, हा माझा हिशेब. ठिपके इतके कडक, की निम्म्यातच चकती संपली. उरलेले तसेच ठेवले.

मळणी उरकल्यावर पत्रा खोलला. घासलेली बाजू आरपार गेली होती. दुसऱ्या बाजूला ठिपक्यांच्या मधे तूस गच्च बसलं होतं. मी ते नखानं खरवडलं, तर खाली चाचांची खडूची रेघ अजून तशीच होती.