सगळा दोष कचऱ्याचा

दाजी गेल्याचा निरोप घेऊन लोणखेड्याचा गडी खापरला आमच्या दारात आला, तेव्हा मी दाढी करत होतो. खोटं कशाला बोलू, दाढी पुरी केली आणि मगच निघालो. मेल्या माणसाचं चांगलंच बोलावं म्हणतात... बोललो असतो, पण सापडायला तर हवं! माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा हा नवरा. अक्कल बेताची, ऐट मात्र लाटसाहेबाची. नवापूरच्या कुणा ठेकेदाराने टाकून दिलेली मोटार यांनी वाजतगाजत घरी आणली आणि त्या दिवसापासून तिचे डॉक्टरही हेच झाले. मिस्तरीला बोलवायचं म्हटलं की यांचं नाक कापलं जायचं.

मोटारीला काहीही होवो, दाजींचं निदान एकच, कार्बोरेटरात कचरा. हँडल मारून मारून हात सुजला तरी सुरू होईना, कचरा. काळा धूर ओकली, कचरा. एकदा नुसतं पाणी संपलं, बॉनेटमधून वाफेचे लोट निघाले, तरी या शहाण्याने आधी कार्बोरेटरच खोललं! अंगणात अक्काची पितळी परात मांडायची, तीत पेट्रोल ओतायचं आणि तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तसा एकेक पुर्जा धूत बसायचं. कधीमधी मोटार आपली आपण सुरू व्हायची, मग मिशीवर हात फिरवत, "मी सांगं व्हतं ना? कचराच व्हता." खापरपर्यंत मात्र ती कधीच आली नाही. अक्का माहेरी यायची ती दमणीतून, बैल हाकत. नदीवर बायका हसून विचारायच्या, "मोटारवालीनबाई, मोटार कोठे शे?"

लढाईमुळे पेट्रोलची मारामार होती, तेव्हा बाबांनी अंथरूण धरलं. अक्काचं नाव तोंडात होतं. मी घोडं दामटत सकाळी लोणखेडं गाठलं. दमणी जुंपून तयार. तर दाजी गरजले, "मन्हा घरमा मोटार शे, अन मन्ही बायको बैलगाडीमा जाई? थांब, कचरा शे, आत्ते काढस." अक्का गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. मी ओरडलो, हातापाया पडलो, कोण ऐकतो! संध्याकाळी पुर्जे लखलखीत झाले आणि घरातलं होतं नव्हतं ते सगळं पेट्रोल परातीत काळं होऊन पडलं होतं. टाकी कोरडी ठणठणीत. तेव्हा कुठे दमणी निघाली. आम्ही पोचलो तोवर बाबांची राख सावडायची वेळ आली होती. दुपारपर्यंत दाराकडे बघत होते, असं शेजारीण म्हणाली. आणि दहाव्याला हा गृहस्थ पाहुण्यांना सांगतोय, मोटार आता कशी फर्स्टक्लास झाली! बेशरम, दुसरा शब्द नाही.

दाजींचं दिवसकार्य आटोपल्यावर मी अक्काला म्हटलं, हे धूड आधी भंगारात घाल, याच्यापायी बाबांची भेट हुकली. ती मोटारीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली. दार लागत नव्हतं, ते हाताने ओढून धरलं.

"दमनी दारशीच उभी व्हती," ती म्हणाली. "त्यासनी काय माले बांधी ठेवेल नव्हतं... माले बी मोटारमाच जानं व्हतं रे. आख्खा गावले दखाडानं व्हतं."