व्याह्यांचं काळं नाणं

चांदीवर एवढा जीव आणि चांदीच्या चमकेशी एवढं वैर, असा माणूस आमच्या व्याह्यांखेरीज अख्ख्या कुवेतमध्ये सापडायचा नाही. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, मूळचे नाशिकचे, उभा जन्म तेल कंपनीत इंजिनीअर. फिंतासला आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. छंद एकच, प्राचीन रोमची चांदीची नाणी. नखाएवढाली, वेडीवाकडी, काळी पडलेली. "विहीणबाई, काळेपणा म्हणजे त्यांचं वय. तो घासायचा नसतो," हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

नाणं बघायचं तर आधी साबणाने हात धुवायचे, कडेने धरायचं आणि त्यावर श्वास सोडायचा नाही. जेवायला मात्र हेच गृहस्थ हात न धुता बसतात. प्रत्येक सम्राट त्यांना कुणातरी नातेवाइकासारखा दिसतो. एकाच्या लोंबत्या हनुवटीत त्यांना माझे गेलेले यजमान दिसले. मी राग धरला नाही, हनुवटी होतीच तशी. किराणा दुकानात गल्ल्यावरच्या माणसाला सांगतात, "तुमचा दिनार ना, तो रोमन दिनारियसचा नातू." मागे रांग खोळंबते.

त्यांची बायको सुमतीताई दर दिवाळीला म्हणायच्या, "एवढी चांदी घरात, पण लक्ष्मीपुढे एक नाणं ठेवाल तर शपथ." "हळदीकुंकवाने नाणं जातं," हे ठरलेलं उत्तर.

गेल्या दिवाळीत सुमतीताईंच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. ऐन लक्ष्मीपूजनाला त्या जाब्रियाच्या हॉस्पिटलात. संध्याकाळी मी नैवेद्य घेऊन वर गेले, तर पाटावर व्याह्यांचं सगळ्यांत लाडकं नाणं, राणीच्या मुखड्याचं, आणि तिच्या कपाळावर ओलं कुंकू. मी नैवेद्य पाटापुढे ठेवला. तेच म्हणाले, "ही म्हणत होती ना."

सुमतीताई घरी आल्या. जरा हिंडूफिरू लागल्यावर देवाची भांडी उजळायला बसल्या. त्यांतच ते नाणं. रांगोळी लावून असं घासलं की दोन हजार वर्षं बेसिनमधून वाहून गेली. व्याही दारात उभे. मी म्हटलं, आता आभाळ कोसळतंय.

"नीट निघालं का हो?" सुमतीताईंनी विचारलं.

"छान निघालंय," व्याही म्हणाले. "जोर आलाय तुझ्या हाताला."

राणीचं नाक त्यात थोडं गेलंच. पण हल्ली सुमतीताई दमून गप्प बसल्या, की व्याही उगाच डबी उघडतात, एक काळं नाणं काढून त्यांच्यापुढे धरतात आणि म्हणतात, "अगं, एवढं जरा घासून देतेस का?"