माझ्या नावावर अकराशे कामं

मी आयुष्यात एकदाही चर खोदलेला नाही. पाइप जोडलेला नाही, आणि मोसंबीच्या बागेत गेलेच असेन तर फुकटची मोसंबी खायला. तरी मागच्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरनं छातीठोक सांगितलं की ठिबकची अकराशे कामं मी एकटीनं केली आहेत. शहागडपासून परतूरपर्यंत. हा पराक्रम कसा घडला ते सांगते, आणि लाज वाटत असली तरी सगळं सांगते.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला आमचं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. आमचं म्हणजे मालकांचं, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात. खाली नळ्यांचे गुंडाळे रचलेले, वर एका खोलीत मी, एक प्रिंटर आणि एक पंखा, जो फक्त प्रिंटरला वारा घालतो. शेतकरी दुकानात येतो, संच ठरवतो, मग आमचे फिटर शेतात जाऊन तो बसवून देतात. कोणत्या शेतातलं काम कुठवर आलंय हे बघायला आमच्याकडे मोबाइलवर चालणारं एक सॉफ्टवेअर होतं. प्रत्येक शेताची एक चिठ्ठी. ती एका खान्यातून दुसऱ्या खान्यात सरकवायची. मोजणी झाली, सामान गेलं, चर खोदला, जोडणी झाली, पाणी सोडलं. पाच वर्षं चाललं बिचारं. मग त्यांनी फी वाढवली आणि भाऊंचं डोकं फिरलं.

"दुसरं घेऊन टाकू," भाऊ म्हणाले. "ह्यातलं उचलायचं, त्याच्यात टाकायचं. काय अवघड हाय त्याच्यात? घर बदलताना आपण सामान नेत न्हाई का?"

मी म्हणाले, "बिलकुल अवघड न्हाई भाऊ. तीन दिवस द्या."

हे मीच म्हणाले. मला कुणी बंदूक लावली नव्हती. पण माझा स्वभावच तसा आहे, कुणी 'जमंल का' म्हटलं की माझं डोकं तापतं आणि तोंडातून 'त्यात काय' निघून जातं.

पहिले दोन दिवस मजेत गेले. जुन्या चिठ्ठ्या वाचताना मी एकटीच हसत होते. सगळ्यात भरलेला खाना होता 'थांबलं'. आमच्या फिटरांनी त्यात काम थांबण्याची कारणं लिहून ठेवली होती. 'पाव्हणे आलेत.' 'कापूस वेचून झाल्यावर या म्हणले.' 'कुत्रं मोकळं हाय.' 'भावाभावात मिटलं की फोन करतो म्हणाले.' नवीन सॉफ्टवेअरला एवढं कौतुक चालत नव्हतं. त्याला चारच कारणं माहीत होती: ग्राहक, सामान, हवामान, इतर. भावाभावातलं भांडण मी 'हवामान'मधे टाकलं. आजही मला ते बराबरच वाटतं.

तिसऱ्या दिवशी सगळा माल इकडून तिकडे ढकलायचं बटण दाबलं, तर नव्या सॉफ्टवेअरनं दोन प्रश्न विचारले. पहिला, फोटो पण आणायचे का? आणले तर आमच्या नेटवर किती वेळ लागेल तेही त्यानं दाखवलं. तेवढ्यात उसाचा एक हंगाम निघाला असता. फोटो नाही आणले तरी त्यांची लिंक येईल असं खाली लिहिलं होतं. मी 'नको' दाबलं. दुसरा प्रश्न, जुन्यातला 'साईट टीम' नावाचा माणूस इथं सापडत नाही, त्याच्यासाठी नवीन लॉगिन करायचं, की त्याची सगळी कामं तुमच्या नावावर टाकायची? आता 'साईट टीम' हा काही माणूस नव्हता. माणशी फी पडते म्हणून भाऊंनी आमच्या सगळ्या फिटरांमधे मिळून ते एकच लॉगिन घेतलं होतं. नवीन लॉगिनचा खर्चा परत भाऊंना विचारा, ते हिशोब करणार, दुपार जाणार. डबा खायची वेळ झाली होती. मी 'माझ्या नावावर' दाबलं आणि भेंडी खाल्ली.

जेवून आले तर पडद्यावर हिरवी खूण. तिकडे जितक्या चिठ्ठ्या, इकडे बराबर तितक्याच. भाऊंनी भेळ मागवली. मी दोन दिवस रुबाबात फिरले. घरी नवऱ्याला सांगितलं की लोक उगाच बाऊ करतात.

शुक्रवारी सकाळी मामा वर आले.

मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने फिटर. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, त्यांनी स्वतः वीसेक वर्षं मेंढरं राखली आणि मग नळ्या जोडायला लागले. शिकले कमी, पण शेताचा उतार नुसत्या डोळ्यानं सांगतात. त्या वर्षी त्यांची कंबर गेली होती. डॉक्टरनं वाकायचं नाही, उचलायचं नाही असं सांगितलेलं, आणि फिटरच्या कामात वाकणं आणि उचलणं सोडून दुसरं काही नसतं. त्यामुळे दिवाळीनंतर काम बंद करावं लागेल, घरी बसावं लागेल, असं चाललं होतं. घरी बसणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात ज्या कंपनीचा माल आम्ही विकतो, तिनं तपासनीसांच्या जागा काढल्या. मोटरसायकलवर फिरायचं, बसवलेले संच बघायचे, शेतकऱ्याला दुरुस्ती सांगायची. कंपनी कार्ड देणार, पगार देणार. अट एकच, स्वतः केलेली किमान शंभर कामं दाखवायची, प्रत्येकाच्या फोटोसकट. नुसतं मालकाचं पत्र चालणार नव्हतं. अर्ज सोमवारी जायचा होता.

"ताई," मामा म्हणाले, "माझ्या कामाचा कागद काढून द्या. भाऊ म्हणले तुमच्या मशीनमधून निघतो."

"आत्ता देते," मी म्हणाले आणि शोधलं. 'मामा' टाकलं, तर शून्य. मग 'साईट टीम' शोधलं. असं कुणी नाही. मग 'काम कुणी केलं' असा रकाना उघडला, तर वरपासून खालपर्यंत माझं नाव. शहागडची मोसंबी, मी. परतूरचा कापूस, मी. भर उन्हात, भर पावसात, मी, मी, मी.

भाऊ मागून वाकून बघत होते. ते पोट धरून हसले. "आयला! ताई, तुमीच भरा की अर्ज!"

मामा हसले नाहीत. त्यांनी भिंतीला हात टेकला आणि विचारलं, "मंग माझं कुठं गेलं?"

मी घाईघाईनं एका चिठ्ठीतला फोटो उघडला. निदान फोटो तर असतील! फोटो उघडला, पण पत्ता जुन्या सॉफ्टवेअरचा होता. लिंक म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. माल जुन्याच घरात होता, माझ्याकडे नुसता पत्ता होता, आणि ते जुनं घर रविवारी संध्याकाळी बंद होणार होतं. बंद करा असा मेल मीच पाठवला होता, अगदी ऐटीत. आता थोडं थांबा म्हणून त्यांना फोन लावला, तर एक मशीन माझ्याशी इंग्रजीत गोड बोलत राहिलं. सगळे फोटो एकदम उतरवून घ्यायची सोय होती, पण ती वरच्या फीवाल्यांना.

मामांना मी म्हणाले, "मामा, चूक माझी हाय. उद्या सकाळी नऊला या. एकेक काढू."

"पण माझं कोणतं हे कळंल कसं? सगळ्यांचं एकच नाव होतं की."

हे खरं होतं.

शनिवारी नऊला बसलो. पाइप टाकला की चर बुजवायच्या आधी फोटो काढायचा, असा कंपनीचा नियम असतो, म्हणजे खोली दिसते. मी एकेक काम उघडायचं, चराचा फोटो उतरवायचा, पुढचं उघडायचं. मामांना कंबरेमुळे खुर्चीत बसवत नव्हतं. ते माझ्या मागं उभे राहून बघत होते. दहा-बारा फोटो झाल्यावर ते म्हणाले, "थांबा. ह्ये माझं."

"कशावरून?"

"काठी बघा की."

चराच्या कडेला एक काठी टेकवलेली होती. मग आधीचे फोटो परत उघडले. काहींमधे पोलादी टेप धरलेला, काहींमधे काहीच नाही, आणि काहींमधे तीच काठी. तिच्यावर चाकूनं पाडलेल्या दोन खाचा. मेंढरांमागं फिरायची काठी मामांनी सोडलीच नव्हती. टेप पहिल्याच वर्षी हरवला म्हणून त्यांनी काठीवरच दीड फुटाची आणि दोन फुटाची खूण केली होती, आणि चर मोजायला तीच उभी करायचे. पाच वर्षं आमच्या सॉफ्टवेअरमधे ती काठी उभी होती आणि मी एकदाही बघितली नव्हती. मी खुर्चीतून उठून टाळ्याच वाजवल्या. भाऊ खालून ओरडले, "काय झालं वर?"

मग आमची गाडी जोरात सुटली. मी फोटो उघडायचा, मामांनी बोलायचं. "ह्ये माझं. हितं आम्हाला जेवायला बसवल्तं, वांग्याची भाजी लई तिखट." "ह्ये न्हाई, टेप हाय." "ह्ये माझं. हितली माती बघा, मेणासारखी, दोन दिवस खोदून राह्यल्तो." मधेच लाइट गेली की मी विद्युत मंडळाचा उद्धार करायची, आणि मामा म्हणायचे, "येती की. जल्दी काय हाय?" जल्दी काय हाय! ज्याची नोकरी टांगणीला लागली तो मला समजावत होता.

रविवारी दुपारी एक फोटो आला. काठी एकदम ठळक. मी टिक केलं.

"न्हाई," मामा म्हणाले. "ह्ये माझं लिवू नका."

"अहो मामा, काठी तुमचीच हाय ना?"

"काठी माझी. पण मला ताप आल्ता, दुसऱ्यानं नेल्ती. त्या शेतात शेवटच्या झाडाला अजून पाणी पोचत न्हाई. तसलं काम माझ्या नावावर नको."

मी टिक काढलं. तेच काम चार दिवस माझ्या नावावर होतं आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला शेवटचा फोटो उतरला. मामांची कामं भरली दोनशे तीस. जुनं सॉफ्टवेअर बंद झालं तेव्हा मी चहा पीत होते, आणि तो चहा मला फार गोड लागला.

सोमवारी एकच कटकट उरली. फोटो होते, यादी होती, पण यादीवर नाव माझं. बदलायला लागले तर एकेक चिठ्ठी उघडून बदलावी लागणार, आणि टपाल दुपारी निघणार. भाऊ म्हणाले, "एक पत्र जोडा. तुमच्या सहीचं." मी टाइप करायला बसले. पहिल्याच ओळीला अडले. मामांचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं 'मामा' म्हणाले, त्यांच्या डब्यातली चटणी खाल्ली, आणि नाव मागे वळून विचारावं लागलं. त्यांनी सांगितलं, वडलांच्या नावासकट, अगदी सावकाश. मला मान वर करवेना.

पत्र झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. 'सोबतच्या यादीतील दोनशे तीस कामे माझ्या नावावर दिसत असली तरी त्यातील एकही काम मी केलेले नाही. ही चूक माझ्याकडून झाली आहे. सर्व कामे वर नाव दिलेल्या फिटरने स्वतः केली आहेत.'

मामांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "परत वाचा." परत वाचलं.

"ह्ये कोण वाचणार?"

"कंपनीचे मोठे साहेब."

"मंग असं लिवू नका ताई. बाईनं काहीच केलं न्हाई म्हणल्यावर तुमच्या नोकरीचं काय? मला शंभरच लागत्यात. वरची सगळी तुमच्याच नावावर ऱ्हाऊ द्या की. तुमाला बी कुठं दाखवाया लागत्याल."

मी त्यांची पाच वर्षं भेंडीच्या नादात गिळून बसले होते, आणि हा माणूस मला एकशे तीस कामं देऊन राह्यला होता! मला असं रडू आलं की मी चिडलेच. "गप बसा मामा! एक अक्षर बदलणार न्हाई. मुकाट्यानं सही करा इथं." भाऊ खिडकीतून हायवेकडे बघायला लागले. मामांनी माझ्या तापट डोक्यासमोर जास्त वाद घातला नाही. त्यांनी सही केली, मी केली, आणि दुपारच्या टपालानं सगळं गेलं.

दिवाळी झाल्यावर कार्ड आलं. मामा आता कंबरेला पट्टा बांधून मोटरसायकलवर फिरतात आणि आमच्याच फिटरांच्या चुका काढतात. बाकीचे फिटर वैतागलेत.

माझी नोकरी शाबूत आहे, पण सामान हलवायचं काम काही संपलेलं नाही. मामांची कामं त्यांच्या नावावर लावून झाली, तरी साडेआठशेच्या वर अजून माझ्याच नावावर आहेत. रोज जेवणानंतर एकेका फिटरला समोर बसवते आणि फोटो दाखवून विचारते, हे तुमचं का. परवा एकजण कंटाळून म्हणाला, "ताई, मला कुठं कार्ड पायजे? कशाला एवढं करून राह्यल्या?"

"कार्ड नको असंल तर नको," मी म्हणाले. "तुमचं पूर्ण नाव सांगा."

तो जरा चमकला. मग खुर्ची पुढं ओढून त्यानं सांगितलं, आणि स्पेलिंग बराबर आहे का ते पडद्यावर दोनदा बघून घेतलं.