मधूचं लोकरीचं गाव

फोन मधूच्याच नंबरवरून आला होता, म्हणून उचलता उचलता मी सवयीने "येताना कोथिंबीर आण रे" असं सांगूनही टाकलं. पलीकडे बाईचा आवाज होता. "बाय, मी पालीतून फिलोमिना बोलते. तुमचा भाव आमच्या ओट्यावर बसलाय, पन बोलत न्हाय." मीरा रोडहून समुद्रकाठच्या पालीला रिक्षा पोहोचेपर्यंत मी स्वतःला समजावत राहिले, की हा परक्या माणसांत कमीच बोलतो, बसला असेल गप्प... मी पोहोचले तेव्हा त्याला ओट्यावर आडवं केलं होतं आणि ती बाई डोक्याशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं, ते आम्हा दोघींना तिथेच कळलं होतं. तिने पुठ्ठा मात्र खाली ठेवला नाही.

मधू माझा धाकटा भाऊ. त्याने लग्न केलं नाही, आणि माझे यजमान लवकर गेले. मूलबाळ मला नव्हतंच. तेव्हा गिरगावातली खोली विकून आम्ही दोघं भावंडं इथे राहायला आलो. तो मुंबईतल्या एका लोकरीच्या कापडाच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होता. सर्वांत भारी सुटाच्या कापडाला मालकांनी 'कोल्डबोर्न' असं साहेबी नाव दिलं होतं आणि ताग्याच्या किनारीवर त्या नावाचा सोनेरी ठसा मारायचं काम मधूकडे होतं. वर्षानुवर्षं ठसा मारल्यावर एक दिवस त्याच्या डोक्यात आलं, की हे नुसतं नाव आहे की खरंच असं काही आहे? दुसरं कुणी असतं, तर कारकुनाला विचारून विषय संपवला असता. आमचा मधू वाचनालयात गेला आणि जन्मभरासाठी अडकला. कोल्डबोर्न खरंच होतं. इंग्लंडातलं एक लहानसं बाजाराचं गाव.

त्या गावाची मला खडान्‌खडा माहिती आहे, आणि ती सगळी जेवताना मिळालेली आहे. मठातले साधू मेंढ्या राखायचे. राजाने सनद दिली तेव्हापासून आठवड्याचा बाजार भरू लागला. लोकरीच्या व्यापारात इतका पैसा आला, की व्यापाऱ्यांनी गावाच्या मानाने अवाढव्य चर्च बांधलं. एकदा मी चेहऱ्याला मुलतानी माती लावून बसले होते. हा मला म्हणतो, "ताई, तसलीच माती घालून ते लोक कापड पाण्यात तुडवायचे. कापडातलं तेल निघून जातं आणि वीण घट्ट बसते." मला जरा बरं वाटलं, की आपणही काही ऐतिहासिक करतोय. तेवढ्यात म्हणाला, "मातीच्या आधी मूत्र घालायचे." मी तशीच उठून तोंड धुतलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो मला "कोल्डबोर्नची ताई" म्हणून चिडवत होता.

तुडवलेलं ओलं कापड आटू नये म्हणून गावाबाहेर लाकडी चौकटींवर आकड्यांना ताणून वाळवत. पालीला बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले त्याने पहिल्यांदा पाहिले, तेव्हा तो रस्त्यातच थांबला. "हेच, अगदी हेच गं!" मला फक्त वास येत होता. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी बस पकडून तो पालीला जायचा आणि कुणाच्या तरी ओट्यावर बसून ओळीने वाळणाऱ्या बोंबलांकडे पाहत राहायचा. विलायतेची वारी एवढीच. "खरंच जाऊन ये की," मी कितीदा म्हटलं. तो हसायचा. "आता तिथे लोकर नाही ताई. चहाची दुकानं आहेत."

लोकर गेली कारण वाफेवर चालणारे माग आले, आणि कोळसा उत्तरेला होता. धंदा तिकडे निघून गेला. हा भाग सांगताना मधूचा आवाज उतरायचा. "काम गेलं, पण माणसं लगेच कुठे जातात? बसून राहिली. बाजाराच्या दिवशी आपली चौकात येऊन उभी राहायची म्हणे, विकायला काही नसताना." त्याची स्वतःची मिल बंद पडली त्यानंतरही तो बरेच दिवस सकाळी वेळेवर अंघोळ करून, शर्ट खोचून खिडकीशी उभा असायचा. मी चहा तिथेच नेऊन द्यायची. 

मिलने निरोपाला एक सूटपीस दिला होता. राखाडी रंगाचं, त्याच्याच हाताचा ठसा असलेलं कोल्डबोर्न. "सूट शिवून कुठे घालू, भाजी आणायला?" म्हणून ते डांबराच्या गोळ्यांसह कपाटात गेलं. दरवर्षी दिवाळीच्या आधी तो ते उघडून वाऱ्यावर धरायचा. गेल्या दिवाळीत घडी घालता घालता म्हणाला, "तिथे एकदा लोकरीचा खप कमी झाला, तर सरकारने कायदाच केला ताई. मेलेल्या माणसाला लोकरीतच पुरायचं, दुसरं कापड चालणार नाही. मेलेल्यांनाही गिऱ्हाईक केलं बघ!" आठ दिवसांच्या आत कुणीतरी आपल्या माणसाने जाऊन शपथ घ्यायची, की आम्ही याला लोकरीतच गुंडाळलं. मग घडीवरून हात फिरवत म्हणाला, "मलाही यातच पाठव." मी म्हटलं, "गप रे, मी मोठी आहे, आधी माझा नंबर." पण तो थट्टा करत नव्हता. मला कळतं ते. जन्मात त्याने माझ्याकडे दुसरं काहीही मागितलेलं नाही.

म्हणून त्याला दवाखान्यातून घरी आणलं, त्या दुपारी मी कपाट उघडलं. बाहेर रणरणतं ऊन होतं. आमच्या सोसायटीत कुणी गेलं की सगळं सावंत पाहतात, रत्नागिरीकडचा भला माणूस. ते पांढरं कोरं कापड घेऊन आले होते. माझ्या हातातलं पाहून म्हणाले, "ताई, हे नको. ह्यात टेरिन असतं. जळताना अंगाला चिकटतं, बघवत नाही." शेजारच्या हंसाबेन माझा दंड धरून म्हणाल्या, "दीदी, इतनी गर्मी में ये?" जणू त्याला उकडणार होतं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. सगळे माझ्याशी फार मऊ आवाजात बोलत होते, वेड लागलेल्या माणसाशी बोलतात तसं. त्या भरल्या घरात मला इतकं एकटं वाटलं, की क्षणभर मी मधूकडेच पाहिलं, हा काही बोलतोय का...

मग मी किनारीचा एक धागा ओढला आणि त्याच्या उशाशी लावलेल्या दिव्यावर धरला. हंसाबेन "अरे अरे" करत राहिल्या. टेरिनचा कृत्रिम धागा असेल तर तो वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. हे मला मधूनेच दाखवलं होतं. खोलीभर केस जळाल्याचा वास पसरला. मी राख सावंतांच्या तळहातावर चुरली आणि गुरुजींना म्हटलं, "आमची आई धाबळी नेसून नैवेद्य करायची. सोवळ्याला लोकर चालते, तर माझ्या भावाला का नाही?" गुरुजी म्हणाले, "चालेल. वरून मात्र पांढरं असू द्या." आत लोकर, वरून पांढरं. किनारीवरचं गावाचं नाव मी त्याच्या छातीवर येईल असं घेतलं. सावंतांनी शेवटची गाठ मला मारू दिली.

दिवस-कार्य झालं. येणारे यायचे थांबले. मी अजून दोघांचा भात लावते आणि सकाळी फोडणी घालून खाते. परवा पालीला गेले, फिलोमिनाचे आभार मानायचे राहिले होते. ती बोंबील उलटवत होती. तिने ओटा पुसला, पाणी दिलं. मधू तिला काहीबाही सांगायचा म्हणाली, "कापडाचं गाव हाय लांब" एवढं तिच्या लक्षात होतं. मी तिला तो कायदा सांगितला, कपाटातल्या कापडाचं सांगितलं, सगळंच सांगितलं. तिने कंबरेवर हात ठेवून ऐकलं.

"मंग? घेतली शपथ?"

"कुणापुढे घेऊ? आणि आठ दिवस तर केव्हाच होऊन गेले."

"माज्यापुढं घ्या की. इथंच तर गेला तो."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. मी उठून उभी राहिले. काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून साधंच बोलले, की माझा भाऊ मधुकर याला मी, त्याच्या मोठ्या बहिणीने, लोकरीत गुंडाळून पाठवलं, आणि हे खरं आहे. फिलोमिनाने छातीवर क्रूसाची खूण केली. "झालं," म्हणाली आणि परत बोंबलांकडे वळली. दोन दांड्या उलटवून झाल्यावर तिने मान वळवून विचारलं,

"घरात आता कोन हाय?"

"मी," मी म्हणाले. आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा, त्या परक्या ओट्यावर बसून, मी मोठ्याने रडले.