पत्र्याच्या चर्चमधली शिरनी

आखातातल्या दुखानच्या ऑइल कॅम्पात चर्च होतं असं मी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उंच मनोरा आणि रंगीत काचा येतात. आमचं चर्च म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. साहेब लोकांची प्रार्थना असली की भिंतीवर लाकडी क्रूस टांगायचा आणि ती संपली की क्रूस कपाटात ठेवून तिथेच सिनेमाचा पडदा लावायचा. सकाळी ज्या खुर्चीवर बसून पापांची क्षमा मागितली, त्याच खुर्चीवर बसून संध्याकाळी नव्या पापांची माहिती घेता यायची.

सहासष्ट साली या शेडमध्ये हंगेरीच्या जुन्या आणि धार्मिक संगीताचा कार्यक्रम झाला. त्याला पेटीची साथ मी केली. हसू नका. चर्चच्या पायपेटीच्या भात्यात वाळू जाऊन तिला दमा झाला होता आणि कॅम्पात दुसरी पेटी फक्त माझी होती. तीही राजापूरकडच्या भजनांत मुरलेली.

कार्यक्रम बसवला होता आमच्या हंगेरियन इंजिनियरने. दहा वर्षांपूर्वी त्याच्या देशात उठाव झाला, रशियन रणगाडे आले, त्यात त्याचा धाकटा भाऊ मारला गेला. हा सीमा ओलांडून निसटला आणि इंग्लंडमार्गे आमच्या वाळवंटात येऊन पंप दुरुस्त करू लागला. भावाला माती कुणी दिली, दिली की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्याची इच्छा एवढीच होती की चर्चमध्ये, चार माणसांदेखत, भावाचं नाव एकदा मोठ्याने घ्यावं.

मॅनेजरसाहेबाने परवानगी दिली ती नेमकी ही इच्छा कापून. संगीत हवं तेवढं करा, पण उठाव नाही, मेलेले नाहीत, नावं नाहीत. कंपनीला राजकारण नको. इंजिनियर ‘येस सर’ म्हणाला. मला त्या ‘येस सर’चा भयंकर राग आला, कारण दिवसभर मी स्वतः तेच म्हणत असे.

गायला गोव्याचे क्लार्क होते. ते नोटेशन घडाघडा वाचायचे, पण शब्दांचा अर्थ कुणालाच कळत नव्हता. जुन्या लढायांतल्या शिपायांची गाणी होती, मेरीची स्तोत्रं होती, एका संत झालेल्या राजाला घातलेली साद होती. सूर लांब, सरळ आणि उदास. माझ्या बोटांना मात्र सरळ सुरावर स्वस्थ बसवेना. स्तोत्र जरा थांबलं की ती मधल्या जागेत एखादी हरकत घेऊन मोकळी व्हायची. इंजिनियर डोळे वटारायचा. मी पुढच्या कडव्यापुरता सज्जन व्हायचो.

ऐकायला माणसं हवीत म्हणून त्याने मला माझ्या मेसमधली मंडळी आणायला सांगितलं. मेसमध्ये मी सोडून सगळे रत्नागिरीकडचे मुसलमान, फिटर नाहीतर वेल्डर. सर्वांवर चाचा. ते नोकरी स्टोअरमध्ये करत आणि राज्य मेसच्या पातेल्यांवर. कुणाच्या ताटात दुसऱ्यांदा काही पडलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. पातेलं अर्धं भरलेलं असलं तरी ‘खलास!’ म्हणून ते झाकण ठेवून देत.

“गाना कसला हाय?” चाचांनी विचारलं.

“देवाचीच गाणी आहेत. इंजिनियरचा भाऊ गेलाय ना, त्याच्या आठवणीत. पण हे बाहेर बोलायचं नाही हं.”

“मंजे मौलूदच की! असा आदी नाय सांगायचा?”

मौलूदला त्यांच्याकडे मंडळी जमून पैगंबरांची स्तुती गातात, ऊद जाळतात, गुलाबपाणी शिंपडतात आणि शेवटी शिरनी म्हणून काहीतरी गोड वाटतात. मी “तसंच काहीसं” म्हणालो आणि पेटी पुसायला लागलो. चाचांना तेवढं पुरलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी पेटीमागे बसून दाराकडे पाहत होतो. साहेब लोक आत येताना हॅट काढत होते. आमची मंडळी दाराशी येऊन खिशातली टोपी काढून डोक्यावर घालत होती. चपलांचा ढीग एवढा वाढला की दोन मडमा बुचकळ्यात पडून उभ्या राहिल्या आणि शेवटी त्यांनीही बूट काढले. मग चाचा आले, हातात उदाची धगधगती शेगडी घेऊन. गोवेकरांना चर्चमध्ये धूर नवा नव्हता, ते खूश झाले. इंग्रज पाद्री खोकत राहिला. मागून एक वेल्डर गुलाबपाण्याची दाणी घेऊन रांगेरांगेतून फिरला. मॅनेजरसाहेबाच्या टकलावर त्याने जरा जास्तच शिंपडलं. साहेबाने माझ्याकडे पाहिलं, मी पेटीच्या पट्ट्यांकडे.

गाणं मात्र असं झालं की माझी खोडकर बोटंही गप्प बसली. शेवटचं स्तोत्र इंजिनियरने एकट्याने म्हटलं. चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, त्यामुळे ते संपल्यावर नुसती शांतता पसरली. त्याचे ओठ हलले, त्याने साहेबाकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. मला रडू आवरेना. झालं, माणूस नाव न घेताच घरी जाणार.

मंडळी उठली. पण दारात चाचा पातेलं मांडून उभे होते. त्यात तुपात थबथबलेला शिरा होता. त्यांना ओलांडून बाहेर जायची सोय नव्हती.

“साब,” त्यांनी इंजिनियरला हाक मारली, “किसके नाम से?”

तो माझ्याकडे बघू लागला. मी इंग्रजीत सांगितलं की ज्याच्यासाठी शिरनी केली त्याचं नाव घेतल्याशिवाय हे वाटायला सुरुवात करत नाहीत. साहेब शेजारीच उभा होता. इंजिनियरने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच नाव सांगितलं. इथे मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही, म्हणून तेही लिहीत नाही.

चाचांनी तसं केलं नाही. स्टोअरमध्ये हाक मारायचा त्यांचा आवाज पत्र्यावर आपटून परत यायचा. प्रत्येक हातावर शिरा ठेवताना त्यांनी ते नाव घेतलं. मडमांना देताना घेतलं, पाद्र्याला देताना घेतलं, मॅनेजरसाहेबाला देताना तर दोनदा. साहेब म्हणणार तरी काय? त्याच्या तोंडात शिरा होता.

इंजिनियर रांगेत सर्वांत शेवटी उभा राहिला. त्याने दोन्ही हात पुढे केले, नाव ऐकलं, शिरा खाल्ला. मग शर्टाला हात पुसून तो पुन्हा पातेल्यासमोर आला आणि तसेच हात पुढे करून उभा राहिला.

आम्ही सगळे मेसवाले श्वास रोखून पाहत होतो. चाचांनी पातेल्यात वाकून पाहिलं, कडेचा शिरा खरवडून काढला आणि मघापेक्षाही मोठ्याने ते नाव घेतलं.